केबल आवळली की पास, पुढच्या वर्षी पुन्हा नापास: जुन्या एमजीबीच्या हँडब्रेकचं दुखणं

गाडी १९७२ सालची एमजीबी जीटी, एमजी या ब्रिटिश कंपनीची जुनी स्पोर्ट्‌स गाडी. इंग्लंडमध्येच विकलेली, इथेच वापरलेली. मी मिडलंड्समध्ये राहतो आणि दर एप्रिलमध्ये तिला एमओटीला नेतो. एमओटी म्हणजे आपल्या भाषेत पासिंग, फक्त इथे ते दरवर्षी असतं. २०२१ ला पास. २०२२ ला नापास, कारण हँडब्रेकची ताकद कमी. टेस्टरने गाडी खाली घेण्याआधीच केबल आवळून दिली, पुन्हा ब्रेकचा जोर मोजणाऱ्या रोलरवर घेतली, पास. २०२३ ला काही न करता पास. २०२४ ला परत नापास, परत हँडब्रेक. या वेळी टेस्टरने केबलच्या नटाकडे टॉर्च मारून दाखवलं आणि म्हणाला, "आवळायला आटेच शिल्लक नाहीत. आता काय आवळू?"

जुन्या स्पोर्ट्‌स गाड्या बाळगणाऱ्या ओळखीतल्या चार-पाच मराठी मंडळींकडे हेच किंवा याच्या जवळपासचं रडगाणं ऐकलं, म्हणून सगळं एकदा लिहून काढतोय. एमजीबी नसली तरी बरंचसं लागू पडेल.

आधी एक खुलासा, कारण हा प्रश्न येतोच: चाळीस वर्षांपुढच्या गाडीला एमओटी लागत नाही ना? नाही लागत. २० मे २०१८ पासून इथे चाळीस वर्षं उलटलेल्या आणि मूळ रचनेत मोठा बदल न झालेल्या गाड्यांना सूट आहे. त्याआधी, नोव्हेंबर २०१२ पासून, ती फक्त १९६० पूर्वीच्या गाड्यांना होती. रोड टॅक्सही माफ, पण दरवर्षी शून्य पौंडाचा का होईना, टॅक्स भरावा लागतो आणि त्या वेळी गाडी एमओटीच्या सवलतीत बसते असं जाहीर करावं लागतं. सूट तपासणीला आहे, गाडी धड ठेवण्याला नाही. धोकादायक अवस्थेतली गाडी रस्त्यावर आणली तर २५०० पौंडांपर्यंत दंड, लायसन्सवर दंडाचे तीन पॉइंट, शिवाय गाडी चालवायला बंदीही येऊ शकते, गाडी कितीही जुनी असो. मी जातो ते साध्या कारणासाठी. माझ्या घरी लिफ्ट नाही, रोलर नाही आणि माझी पाठ आता पन्नाशीची आहे. जास्तीत जास्त ५४ पौंड ८५ पेन्समध्ये एक अनोळखी, अलिप्त माणूस पाऊण तास माझ्या गाडीच्या पोटाखाली उभा राहून बघतो. याहून स्वस्त सल्ला या देशात मिळत नाही.

मात्र हौसेने एमओटी केलीत आणि गाडी नापास झाली, तर ती नोंदही सगळ्यांना दिसते. गाडीचा नंबर टाकला की कोणीही इंटरनेटवर तिचा एमओटीचा इतिहास बघू शकतो. आणि दोष धोकादायक या वर्गातला निघाला, तर "मला सूट आहे" म्हणून तीच गाडी चालवत घरी नेता येत नाही.

आता हँडब्रेक.

आधी आकडा वाचा

नापासाच्या कागदावर एकच ओळ असते: पार्किंग ब्रेकची कार्यक्षमता किमान मर्यादेपेक्षा कमी. ही ओळ वाचून आपण केबलकडे धावतो. माझं तेच झालं. त्याऐवजी रोलरच्या मशीनचा छापील कागद मागून घ्या. बहुतेक ठिकाणी देतात. त्यावर डाव्या आणि उजव्या चाकाचे वेगवेगळे आकडे असतात आणि खरी गोष्ट तिथे असते.

माझे चार वर्षांचे कागद एका फाइलमध्ये होते, पण शेजारी शेजारी ठेवून कधी बघितले नव्हते. २०२४ च्या नापासानंतर स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडले. २०२१: डाव्या चाकाचा जोर ११५ किलो, उजव्याचा १०५, बेरीज २२०. २०२२, आवळण्याआधी: ११८ आणि १०२, बेरीज पुन्हा २२०. म्हणजे ज्या आकड्यावर एका वर्षी पास, त्याच आकड्यावर पुढच्या वर्षी नापास!

मी दोन दिवस चिडलो होतो. मग नियमावली उघडली. गाडीच्या ब्रेकच्या पाइपांची रचना दोन स्वतंत्र सर्किटांची असेल तर हँडब्रेकचा जोर गाडीच्या वजनाच्या १६ टक्के पुरतो. रचना एकेरी असेल, म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात अशी, तर हँडब्रेकला २५ टक्के लागतात. तर्क सरळ आहे. पायातला ब्रेक पूर्ण गेला तर हातातला एवढाच आधार उरतो, म्हणून तो दणकट हवा. आजच्या रस्त्यावर एकेरी सर्किटच्या गाड्या इतक्या कमी उरल्यात की तरुण टेस्टरच्या हाताला १६ ची सवय असते. २०२१ चा टेस्टर दुसऱ्या केंद्रावरचा होता, त्याने माझी गाडी दोन सर्किटची धरली. २०२२ चा टेस्टर साठीला आलेला होता, त्याने बॉनेट उघडून मास्टर सिलिंडरकडे, म्हणजे पॅडल दाबलं की ब्रेक ऑइल पाइपांत ढकलणाऱ्या भागाकडे, बघितलं होतं.

माझी गाडी साधारण ११०० किलोची. २२० भागिले ११०० म्हणजे २० टक्के. सोळाच्या वर, पंचवीसच्या खाली. कोडं सुटलं, पण उत्तर माझ्या बाजूने नव्हतं. नियमाने २०२१ लाही ती नापासच होती.

तुमची गाडी कोणत्या गटात आहे हे बघायला मास्टर सिलिंडरमधून चाकांकडे किती पाइप निघतात ते मोजा. एक असेल तर एकेरी, दोन असतील तर दुहेरी. अमेरिकेला पाठवलेल्या एमजीबींना १९६८ पासूनच दुहेरी सर्किट होतं. इथल्या गाड्यांना ते बरंच उशिरा आलं. त्यामुळे अमेरिकेतून परत आणलेली आणि इथलीच अशा एकाच वर्षाच्या दोन गाड्यांना वेगवेगळा निकष लागू शकतो. ओळखीतल्या एकाने मला सुचवलं होतं की टेस्टरला काही सांगायचंच नाही, सोळावर निभावून जाईल. करू नका. तो २५ कोणाच्या भल्यासाठी आहे हे उतारावर कळतं.

पुढचे कागद. २०२२ ला केबल आवळल्यावर १५० आणि १३५, म्हणजे जवळजवळ २६ टक्के. २०२३ ला थोडं खाली, पण पास. आणि २०२४: डावं १३०, उजवं ७०.

इथे थांबलो. केबल दोन्ही चाकांना एकच आहे. ती ताणली गेली असती किंवा सैल पडली असती तर दोन्ही आकडे बरोबरीने घसरले असते. एकच चाक कोसळलं याचा अर्थ दुखणं केबलच्या ताणात नाही, बहुधा त्या चाकाच्या ड्रममध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या डब्यात, आहे. तीन वर्षं आम्ही भलत्याच ठिकाणी मलम लावत होतो. एवढं एक वाक्य मला २०२२ ला कोणी सांगितलं असतं, तर हा लेख लिहावा लागला नसता.

केबल शेवटी, शू आधी

एमजीबीला पुढे डिस्क, मागे ड्रम. मागच्या प्रत्येक ब्रेकप्लेटच्या पाठीमागे चौकोनी डोक्याचा एक ॲडजस्टर असतो. तो फिरवला की शू, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या अर्धगोल पट्ट्या, ड्रमच्या जवळ सरकतात. शूवरचा घासणारा थर, लायनिंग, झिजला की हा ॲडजस्टर फिरवायचा, केबल नव्हे. पण ॲडजस्टर आत, मीठ-चिखलाच्या माऱ्यात. दहा वर्षं कोणी हात लावला नाही तर तो गंजून बसतो. केबलचा नट मात्र हाताशी येतो आणि पाच मिनिटांत फिरतो. माणूस सोपं ते करतो.

त्यात होतं काय, केबल आवळली की ड्रममधले हँडब्रेकचे लिव्हर मोकळ्या स्थितीतही थोडे ओढलेले राहतात. शू पूर्ण मागे येत नाहीत, म्हणून पुढे कोणी ॲडजस्टर लावायला गेलं तर तोही खोटा लागतो. लिव्हरची हालचाल आधीच खर्ची पडलेली असते, त्यामुळे हाताने ओढल्यावर जोर उरत नाही. वर शू सतत किंचित घासत राहतात, तापतात, लायनिंग चकचकीत होतं आणि पकड आणखी कमी होते. पुढच्या वर्षी अजून आवळा.

माझ्या लहानपणी वडिलांच्या फियाटचं पंधरा वर्षांनंतरचं पासिंग आलं तेव्हा सांगलीच्या गॅरेजवाल्याने आदल्या दिवशी हँडब्रेक करकचून आवळून दिला होता. पासिंग होऊन गाडी परत आली तर त्यानेच तो सैल केला, "घासतोय ओ, पेट्रोल खाईल." तेव्हा मला ते फार हुशारीचं वाटलं होतं.

बरोबर क्रम असा. सपाट जागी गाडी घ्या, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, मागचं टोक जॅकने उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली जाऊ नका. हँडब्रेक सोडा. केबलचा नट पूर्ण सैल करा, केबल लोंबली पाहिजे. आता एकेका चाकाचा ॲडजस्टर चाक हाताने फिरेनासं होईपर्यंत आवळा, मग चाक मोकळं फिरेपर्यंत मागे घ्या. ब्रेक पॅडल दोन-तीनदा जोरात दाबा म्हणजे शू आपापल्या जागी बसतील, आणि ॲडजस्टर पुन्हा तपासा. हे दोन्ही बाजूंना झाल्यावरच केबलला हात लावायचा: लिव्हर तीन-चार खटके ओढल्यावर दोन्ही चाकं हाताने हलेनाशी झाली पाहिजेत, आणि सोडल्यावर दोन्ही मोकळी फिरली पाहिजेत. एक अडलं आणि दुसरं फिरत राहिलं, तर पुन्हा ड्रमकडे.

ॲडजस्टर फिरतच नसेल तर जोर लावून डोकं गोल करू नका. गंज सोडवणारं तेल फवारून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी दोन्ही दिशांना थोडं थोडं हलवा. माझा डावा तिसऱ्या दिवशी सुटला. उजवा सुटला नाही, तो बदलला.

ड्रम उघडल्यावर

माझ्या गाडीला पत्र्याची चाकं आहेत, त्यामुळे ड्रम दोन स्क्रूंवर असतो. स्क्रू काढले, ॲडजस्टर सैल होता तेवढा केला, ड्रमच्या कडेला लाकडी हातोडीने चौफेर ठोकलं आणि ड्रम हातात आला. त्या क्षणी वास आला. कुजक्या अंड्यासारखा, गंधकाचा, उग्र. आत खालच्या अर्ध्या भागात काळं, दाट, चिकट तेल. लायनिंग भिजून शेवाळलेल्या पायरीसारखं झालेलं.

हा वास ओळखून ठेवा, कारण मागच्या ड्रममध्ये दोन प्रकारचा ओलावा येतो आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. ब्रेक ऑइल पातळ असतं, त्याला असा वास नसतो आणि ते जिथे पोचतं तिथला रंग फुगवून सोलून काढतं. ते दिसलं तर शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर गेलंय. गियर ऑइल मात्र दाट आणि गंधकाच्या वासाचं. ते दिसलं तर एक्सलच्या टोकाचं सील गळतंय. माझं दुसरं होतं.

आता इथेही कागदावरचं नाव दुरुस्त करण्याचा मोह होतो: सील बदला, शू बदला, झालं. गॅरेजवाल्यानेही तेच सुचवलं. पण सील का गळलं? एक्सलच्या नळीवर वरच्या बाजूला एक छोटा ब्रीदर असतो, टोपीसारखा. गाडी चालली की एक्सल तापतो, आतली हवा फुगते आणि तिथून बाहेर पडते. तो चिखलाने किंवा कोणीतरी प्रेमाने फासलेल्या अंडरकोटिंगने बुजला तर हवेला एकच वाट उरते, सीलची. ती जाताना तेलही बरोबर नेते. माझ्या ब्रीदरवर कधीकाळच्या मालकाने काळ्या डांबरासारख्या लेपाचा जाड थर दिला होता. खिळ्याच्या टोकाने कोरून काढला तेव्हा चक्क फुस्स झालं.

दुसरं कारण जास्त भरलेलं तेल. एक्सलमध्ये तेल भरायच्या भोकाच्या कडेपर्यंतच असावं, तेही गाडी सपाट असताना. मागचं टोक उचलून भरलं तर जास्त जातं आणि जास्तीचं तेल सील शोधतं.

सील बदलायला मधला मोठा नट सोडवावा लागतो, त्याला लांब दांड्याचा पाना आणि दणकट माणूस लागतो. ते काम मी बाहेर दिलं. शू मात्र घरी बदलले, दोन्ही बाजूंचे. एकाच बाजूचे बदलू नका, नाहीतर पुढच्या कागदावर डाव्या-उजव्याचा फरक दिसेल. तेल प्यालेले शू पेट्रोलने धुऊन किंवा भाजून परत बसवायचा सल्ला जुने लोक देतात. लायनिंग आतपर्यंत तेल पितं. वरून कोरडं दिसतं आणि तापलं की पुन्हा घाम फुटतो. नवीन शू काही महाग नाहीत. आणि ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

ड्रम कोरडा निघाला तर? मग केबलच्या वाटेने जा. केबलवर एक ग्रीस निप्पल, म्हणजे ग्रीस भरायचं छोटं तोंड, असतो, तो बहुतेकांना माहीतच नसतो. एक्सलजवळ जिथे एका केबलचा ओढा दोन चाकांना वाटला जातो तो सांधा गंजून घट्ट झाला असेल तर एक चाक जास्त धरेल आणि दुसरं कमी. तो सोडवून, घासून, ग्रीस भरून बसवा. केबल एका बाजूने तारा सुटलेली असेल तर सरळ नवीन टाका.

हिवाळ्यात गाडी नोव्हेंबर ते मार्च झाकून ठेवत असाल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. ओलसर हवेत शू ड्रमला चिकटतात आणि मार्चमध्ये गाडी हलवताना लायनिंगचा तुकडा ड्रमवरच राहतो. गियरमध्ये टाका, चाकाला ठोकळा लावा.

ज्यांच्याकडे जॅग्वार ई-टाइप आहे (असा मला एकच मराठी माणूस माहीत आहे आणि तो फोन उचलत नाही) त्यांचं प्रकरण निराळं. तिचे मागचे डिस्क ब्रेक चाकात नसून मध्यभागी डिफरन्शियलला लागून असतात. हँडब्रेकचे वेगळे छोटे कॅलिपर तिथेच, हात पोचत नाही अशा जागी बसतात आणि न वापरता जाम होतात. कारणांची साखळी तीच, फक्त बिल मोठं.

बाकीचे नेहमीचे पाहुणे

हँडब्रेकखालोखाल माझ्या आणि मित्रांच्या कागदांवर दरवर्षी येणारी नावं सांगतो.

पुढच्या चाकाचा प्ले, म्हणजे ढिलेपणा. एमजीबीला किंगपिन आहेत, पुढचं चाक ज्यांच्यावर वळतं त्या खिळी, प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निप्पल. नियमित ग्रीस दिलं तर त्या वर्षानुवर्षं टिकतात, नाही दिलं तर काही हजार मैलांत झिजतात. टेस्टर गाडी उचलून चाक वर-खाली धरून हलवतो आणि टकटक ऐकतो. इथली मेख अशी की चाकावर गाडीचं वजन असताना ग्रीस गन मारली तर ग्रीस एकाच बाजूने निघून येतं, जिथे भार असतो तिथे शिरतच नाही. चाक अधांतरी करून मारा, आणि जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवीन दिसेपर्यंत मारा. माझ्या एका मित्राची ट्रायम्फ स्पिटफायर आहे. तिच्या पुढच्या ट्रनियनना, म्हणजे चाक वळतं त्या खालच्या सांध्यांना, ग्रीस नव्हे, दाट गियर ऑइल द्यायचं असतं. त्याने तीन वर्षं इमानेइतबारे ग्रीस भरलं. ग्रीस आतल्या आट्यांपर्यंत नीट पोचत नाही, तिथे पाणी आणि गंज राहतो. तो ट्रनियन तुटला की चाक आडवं होतं, म्हणून हे हसण्यावारी नेऊ नका.

गंज. एमजीबीला वेगळी चासी नाही, पत्र्याची पेटीच सगळा भार उचलते, आणि दाराखालचा सिल हा त्यातला मुख्य कणा. एमजीबीचा सिल अनेक थरांचा आहे: बाहेरचा पत्रा, खालची पट्टी, मधला उभा पडदा आणि आतला पत्रा. बाहेरचा पत्रा बदलून चकाचक रंग मारलेल्या आणि आत पडदाच नसलेल्या गाड्या भरपूर फिरतात. टेस्टर हलकेच ठोकून-दाबून बघू शकतो, जोरात खरवडू किंवा भोसकू शकत नाही, म्हणून त्या काही वर्षं निभावूनही जातात. सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक आणि सीटबेल्ट जिथे बोल्ट होतात तिथपासून तीस सेंटिमीटरच्या आत गंजाने पत्रा कमकुवत झाला की नापास. तिथली दुरुस्ती वेल्डिंगनेच हवी. लांबी (पुटी) भरून, फायबरचा कपडा चिकटवून चालत नाही. ठिगळ लावलं तर चहूबाजूंनी सलग वेल्ड लागतो, चार टिपके मारून भागत नाही.

दरवर्षी नवीन ठिगळ लागतंय अशी तक्रार असेल तर गाडीला दोष देण्याआधी पाण्याची वाट बघा. सिलच्या तळाला निचऱ्याची भोकं असतात आणि ती चिखलाने बुजतात. माझदा एमएक्स-५ पहिल्या पिढीची असेल तर छताच्या कापडामागचं पाणी खाली नेणाऱ्या नळ्या तपासा. पानं अडकून त्या तुंबल्या की पाणी मागच्या चाकापुढच्या सिलमध्ये साचतं आणि तो भाग आतून सडतो. त्या गाड्यांना अजून चाळीस वर्षं झालेली नाहीत, त्यामुळे त्यांना दरवर्षी एमओटी चुकत नाही. लवचीक तार हळूच नळीतून फिरवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे, सिलचं वेल्डिंग चार आकडी बिलाचं.

दिवे. डावा इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवा त्याच्याबरोबर लुकलुकतो किंवा ब्रेक दाबला की मंद होतो? बल्ब बदलू नका, अर्थिंग बघा. करंटला परतीची वाट मिळत नाही म्हणून तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतोय. या गाड्यांत काळी वायर म्हणजे अर्थ. हिरवी-लाल डावा इंडिकेटर, हिरवी-पांढरी उजवा, हिरवी-जांभळी ब्रेकलाइट. डिकीत काळ्या वायरीचा गोळीसारखा जोड ओढून काढा, पॉलिश पेपरने घासा, परत बसवा. एकेरी सर्किटच्या एमजीबीत ब्रेकलाइटचा स्विच पॅडलवर नसून ब्रेकच्या पाइपवर असतो आणि ऑइलच्या दाबाने चालतो. तो म्हातारा झाला की पॅडल हलकं दाबल्यावर दिवा लागतच नाही, जोरात दाबल्यावर लागतो. घरी तपासताना आपण जोरात दाबतो आणि टेस्टर हलकं दाबतो!

धुराचं फार मनावर घेऊ नका. १ ऑगस्ट १९७५ पूर्वी रस्त्यावर आलेल्या पेट्रोल गाड्यांना फक्त डोळ्यांनी धूर बघतात. त्यानंतरच्या, जुलै १९८६ पर्यंतच्या गाड्यांना कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांच्या आत आणि हायड्रोकार्बन १२०० पीपीएमच्या आत हवं. इंजिन पूर्ण तापवून न्या, चोक मागे ढकलला आहे ना बघा. बहुतेकांचं तेवढ्यात भागतं.

तारांची चाकं असतील तर एकेक स्पोक पान्याने हलकेच वाजवा. बाजारात मडकं वाजवून घेतो तसंच. ताणलेला स्पोक खणखणतो, सैल झालेला बद्द वाजतो.

आदल्या शनिवारी

मी आता तपासणीच्या एक आठवडा आधी, आदल्या दिवशी नव्हे, एवढं बघतो: दोन्ही मागची चाकं उचलून हँडब्रेकचे खटके, किंगपिनला ग्रीस, कोणाला तरी मागे उभं करून दिवे, टायरची नक्षी. मधल्या तीन चतुर्थांश रुंदीवर, चौफेर, १.६ मिलिमीटर लागते. या गाड्या इतक्या कमी चालतात की नक्षी कधी संपत नाही, रबरच म्हातारं होतं. एक आठवडा एवढ्यासाठी, की काही निघालं तर पार्सल यायला वेळ मिळतो. मुदत संपायच्या महिनाभर आधी, त्यातला एक दिवस सोडून, एमओटी करून घेतली तरी पुढच्या वर्षीची तारीख तीच राहते, त्यामुळे शेवटच्या दिवसाची वाट बघण्यात काही मिळत नाही.

हँडब्रेक घरासमोरच्या उतारावर तपासू नका. माझ्या दारातला उतार सोपा आहे. २०२४ ला १८ टक्क्यांवर नापास झालेली गाडी त्यावर रात्रभर निमूट उभी राहत होती.

या वर्षीचा कागद: डावं १६५, उजवं १६०. साडेएकोणतीस टक्के. टेस्टर तोच साठीचा. त्याने रोलरवरून उतरताना केबलच्या नटाकडे पुन्हा टॉर्च मारला, दिसणारे आटे मोजल्यासारखं केलं आणि काही बोलला नाही. खाली सूचना म्हणून एकच ओळ आहे: मागच्या दोन्ही टायरच्या बाजूला बारीक भेगा. टायरवरचा चार आकडी शिक्का बघितला, १११४. म्हणजे २०१४ सालचा अकरावा आठवडा. टायरवाल्याला उद्या फोन.